शेवटची पंगत उठेपर्यंत

रविवार, १२ ऑक्टोबर १९७५

'आयाबहिणींनो, तुम्ही रांधता, वाढता, उष्टी काढता आणि सगळ्यांच्या शेवटी, निवलेल्या चुलीशी, उरलंसुरलं खायला बसता. तुमच्या आजीने हेच केलं, आईने हेच केलं, आणि उद्या तुमची लेकही हेच करणार आहे. कुणी ठरवलं हे?'

हे मी आज सकाळी गोठ्यात बोललो. ऐकायला दोन म्हशी होत्या. एकीने मान हलवली, पण ती माशीसाठी.

जुलैपासून माझं बोलणं बंद आहे. फौजदाराने तालुक्याला बोलावून कागदावर सही घेतली की विनापरवाना सार्वजनिक ठिकाणी भाषण करणार नाही. परवाना मागितला की म्हणतात, आणीबाणी आहे, सध्या दिवस बरे नाहीत. वीस वर्षे मी साताऱ्यापासून जतपर्यंत बोलत फिरलो. आता शाळेत मराठीच्या तासाला आवाज जरा चढला की हेडमास्तर खिडकीशी येऊन उभे राहतात. सही करून घरी आलो त्या दिवशी मनुबाई म्हणाली, "बरं झालं. घशाला जरा इसावा." लग्नाला तीस वर्षे झाली, माझ्या भाषणावर तिचं एवढंच मत.

तेव्हापासून हातापायांना चैन नाही. वाचायला घेतलेलं पुस्तक पंधराव्या पानावर पालथं पडतं. अंगणात येरझाऱ्या घालतो.

आज मात्र एक गोष्ट सुचली. आमच्या भावकीत भाऊबीजेचं जेवण दरवर्षी एका घरी असतं, पाळीने. यंदा पाळी माझी. माझ्या सोप्यात जेवायला बसलेली भावकी ही काही सार्वजनिक सभा नव्हे. मी ठरवलं आहे, यंदा बायकांची पंगत पहिली. पुरुष वाढतील. आणि पंगत बसली की मी बोलेन.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आवतानाचा प्रश्न निघाला. मी म्हणालो, घरटी चार माणसं सांगू, म्हणजे आटोपशीर होईल. मनुबाई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाई. चूलबंद द्या."

चूलबंद आवतान म्हणजे घरातलं तान्हं पोर धरून सगळ्यांना बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. आमच्या भावकीतले चार उंबरे आणि माहेरी आलेल्या लेकी धरल्या, तर नव्वद पानं होतात.

"नव्वद माणसांचं पुरण कोण वाटणार?"

"मी वाटते. जावा हाईत. तुमी काळजी करू नगासा."

"पण कशासाठी एवढा राबता? घरटी चार पुरेत."

"चार म्हनलं की चार बापयच येत्यात," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

ज्या बाईसाठी मी लढायला निघालो, ती स्वतःहून स्वतःवर ओझं ओढून घेते. यावर बोललं पाहिजे. टिपून ठेवलं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दादाशी भांडण झालं. हंबीररावदादा माझा थोरला भाऊ, आठ वर्षांनी मोठा. त्याची धाकटी लेक राही यंदा मॅट्रिक झाली. नर्सिंगच्या शिक्षणाचा तिचा फॉर्म मीच भरला होता. मिरजेहून पत्र आलं, एक डिसेंबरला हजर व्हा. इकडे दादाने विट्याकडचं स्थळ आणलं. मुलाच्या मालकीचे दोन ट्रक आहेत. वय एकतीस, राही अठराची. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सहा तारखेला संध्याकाळी, सुपारी फोडायला पाहुणे येणार. एकदा सुपारी फुटली की मिरजेचं पत्र चुलीत घालायचं.

आज सोसायटीच्या ओट्यावर दादा बसला होता, बरोबर पाच-सहा जण होते. मी तिथेच सुरुवात केली. पाऊण तास बोललो. उदाहरणं दिली, आकडे दिले, जगातल्या चार देशांची नावं घेतली. चांगलं झालं बोलणं. ऐकणाऱ्यांत दोघे माना डोलवत होते.

दादाने शेवटपर्यंत ऐकलं. मग धोतर झटकून उठला. म्हणाला, "आप्पा, काल रातच्याला माझ्या मनात येत हुतं, की पोरगी एवढी म्हनतीया तर आणि दोन वर्सं थांबावं. आता तू गावाम्होरं मला शिकवलंस. आता मी मागं फिरलो तर लोक म्हनतील, मास्तरनं वाकवला. तवा आता झालंच ते लगीन."

त्याच्या जागी मी असतो तर मुद्दा मुद्द्याने खोडला असता. ही पळवाट झाली.

बुधवार, २२ ऑक्टोबर

दिवसभर अस्वस्थ. वर्गात दोन पोरांना विनाकारण ओरडलो.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

पहिल्या पंगतीचा बेत आज मनुबाईला सांगितला. वाटलं होतं, निदान चेहरा तरी उजळेल. ती पाट्यावरून उठली, हात धुतले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"येवडं करू नगासा."

"काय करू नको?"

"शेवटच्या पंगतीला हात लावू नगासा. बाकी काय बी करा. हवं तर सोप्यात खुर्ची टाकून बोला. पर आमी बसतो तशा बसू द्या."

"का पण?"

"उगंच."

"उगंच हे कारण होत नाही."

"कारण हाय. तुमाला सांगन्याजोगं न्हाई."

मी तिला समजावलं. बेडीची सवय झालेल्या माणसाला बेडी काढली की पाय हलका लागतो आणि तो घाबरतो, असं म्हणालो. ती म्हणाली, "व्हय, आसंल," आणि पुन्हा पाट्याशी बसली. बेडीचं वाक्य चांगलं साधलं आहे. सभा सुरू झाल्या की वापरेन.

बायका जुनं सोडायला तयार नसतात, हे मी पुस्तकांतून वाचलं होतं. माझ्याच घरात दिसेल असं वाटलं नव्हतं. पण या जेवणानेच दादाचं मन वळणार आहे. डोळ्यांसमोर बायकांचा मान दिसला की लेकीचाही दिसेल. कृती ही भाषणापेक्षा मोठी असते.

शनिवार, १ नोव्हेंबर

घरात पाय ठेवायला जागा नाही. चारी घरच्या बायका करंज्या करायला जमल्या आहेत. सोप्यापर्यंत हसणं ऐकू येत होतं. कोण कुणाची नक्कल करत होतं कळलं नाही, पण एक आवाज मला माझ्यासारखा वाटला. पाणी प्यायला म्हणून आत गेलो, तर सगळ्या गप्प. पदर डोक्यावर, माना खाली, जशी शाळेत साहेबाची तपासणी.

हंबीरदादाची बायको, चंद्रावहिनी, भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाली, "कांदा वो भावजी."

मी बाहेर आलो. कांदा कुठे दिसला नाही. करंजीत कांदा नसतो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पाडवा. दुपारच्या एसटीने शालूआक्का आली. ही आमची सगळ्यांत थोरली बहीण. मुलगा कोयनानगरला नोकरीला, त्यामुळे तिचं तिकडेच बस्तान. सडुसष्टच्या भूकंपात तिच्या अंगावर क्वार्टरची भिंत पडली. ढिगाऱ्यातून बाहेर काढलं तेव्हा म्हणाली, "माझा बटवा बगा रं कुटं पडलाय." तेव्हापासून ती कशाला घाबरत नाही. दादा गावात कुणाचं ऐकत नाही, पण आक्कासमोर टोपी काढून बसतो. आई गेली तेव्हा तो दहाचा होता, मी दोनचा. तिनेच दोघांना वाढवलं.

आल्या आल्या तिने सांगितलं, सून बाळंतपणाला आली आहे, गुरुवारी सकाळी आठच्या गाडीने मला जाऊ द्या. "भाऊबीजंला तेवडं ववाळते आनि पळते."

दादा दुपारपासून तिला चिकटून बसला आहे. सोप्यात घोंगडं टाकून दोघं ऊसाचं, पावसाचं, मेलेल्या माणसांचं बोलत होती. चंद्रावहिनी चहा घेऊन तीनदा आली. तिन्ही वेळा दारात थांबली.

"काय हवंय का वहिनी?" मी विचारलं.

"काय न्हाई," म्हणाली आणि गेली.

आक्का म्हणाली, "हंबीरा, पोरगी का वाळलीया रं तुजी?"

"लगीन ठरलं की पोरी लाजून वाळत्यात," दादा म्हणाला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मनुबाईने मला आतून हाक मारली. गेलो तर म्हणते, शिंक्यावरचं मडकं काढून द्या. शिंकं तिच्या हाताला येतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर. भाऊबीज. दुपार, चार वाजले

झालं. आमच्या गावात असं कधी घडलं नव्हतं.

सोप्यात आणि अंगणात मिळून एक्केचाळीस बायका पहिल्या पंगतीला बसल्या. आक्का मधोमध. समोर पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया, तुपाची वाटी. वाढायला दादा, मी, चुलत्यांतले सगळ्यांत वडील तात्याबा, पोलीस पाटील मानसिंग, आणि माझा पुतण्या गुंडा. गुंडा फौजेत स्वयंपाकी आहे, सुट्टीवर आला आहे. त्याने बादली घेतली आणि लंगरच्या हिशोबाने पंगतीतून सुटला. "थाळी आगे. आमटी. पुढे चला. पोळी. पुढे चला."

वाढून झाल्यावर मी उभा राहिलो. चार महिन्यांनी माझ्यासमोर एवढी माणसं बसलेली होती. पंचवीस मिनिटं बोललो. गोठ्यात केलेली सुरुवात जशीच्या तशी घेतली. इतकं शांत ऐकणं मी कुठल्याच सभेत अनुभवलं नाही. एकीने मान वर केली नाही, एकीने ताटाला हात लावला नाही.

मग त्या जेवल्या. बारा मिनिटांत पंगत उठली. तात्याबा मीठ वाढत प्रत्येकीसमोर दोन मिनिटं थांबायचा, आणि सासरा समोर उभा म्हटल्यावर सुना आणखी वाकायच्या. ही जुनी लाज जायला वेळ लागेल. पण सुरुवात झाली. उठल्या त्या थेट चुलीकडे गेल्या आणि पुरुषांच्या पंगतीच्या पोळ्या लाटायला बसल्या.

पुरुष सावकाश जेवले. तीन वाजेपर्यंत पान, तंबाखू चाललं. मानसिंग म्हणाला, "मास्तर, हे घरातलं हुतं म्हनून मी ऐकलं न्हाई." सगळे हसले.

आज बऱ्याच दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

मन पुन्हा थाऱ्यावर नाही. लिहून काढतो.

दादा आक्काकडून ओवाळून घ्यायला तिला त्याच्या घरी घेऊन गेला. बायका आपापल्या घरी पांगल्या. मागच्या दारी राही भांडी घासत होती. मला बघून उठली. "काका, लय चांगलं बोललासा," म्हणाली, आणि राखेचा हात तसाच डोळ्यांना लावला.

मी मनुबाईला विचारलं, पोरगी का रडते. ती चुलीसमोर बसली होती. चूल विझलेली होती. तिने सांगितलं. तिचं बोलणं आठवतं तसं उतरवतो.

"तुमी बापय जेवून उठता, पोरं निजत्यात, घर रिकामं हुतं. मंग आमी बसतो. कुनी वाढायला नसतंय, कुनी बगायला नसतंय. पाय पसरून बसतो. दोन घास खाऊन तासभर बोलतो. कुनाच्या अंगावर वळ हाईत, कुनाला दिस गेल्यात, कुनाच्या लेकीला कुटं द्यायची न्हाई, सगळं तिथं निघतंय. वर्सातनं दोन-तीनदा. चंद्रावैनी म्हैनाभर वाट बगत हुती. आक्का शेवटच्या पंगतीला आमच्यात बसल, तवा राहीचं तिच्या कानावर घालायचं. आक्का बोलली की दादा मोडत न्हाईत. त्यासाठनं चूलबंद मागितलं, सगळ्या हव्या हुत्या, आक्काला दिसाया पायजे की ही एकट्या चंद्रीची रडगानी न्हाईत. आणि तुमी आमाला म्होरं बसवलं. हातात बादली घिऊन दादाच आमच्या डोक्यावर उबं."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर तुमी भाषान केलं आसतं."

मी चुलीपाशी खाली बसलो.

"तूप थिजलं हुतं समद्यांच्या ताटात," ती म्हणाली. "ते जाऊ द्या."

मी विचारलं, आता काय. आक्का सकाळी आठला जाणार. पाहुणे संध्याकाळी पाचला येणार.

"आक्काला दुपारपतोर थांबवा. शिळी कटाची आमटी लय हाय, पोळ्या हाईत. दुपारी आमी बसतो. फकस्त दोन तास घर रिकामं करून द्या. दादा, पावण्यांची माणसं, पोरंठोरं, कुनी न्हाई पायजे. या आळीत एक बी बापय दिसता नये."

"पन्नास पुरुष मी दोन तास कुठे आणि कसे ठेवू?"

"तुमाला काय येतंय?"

"भाषण."

"मंग करा की."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी साडेसातला आक्का पिशवी घेऊन निघालेली. मी आडवा गेलो. काय सांगायचं ते रात्रभर मनात जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. म्हणालो, "आक्का, कटाची आमटी उरली आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पाठीमागे दारात उभ्या मनुबाईकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली. "मुरलेली आमटी सोडून कुटं जायाचं. चारच्या गाडीनं जाते."

भैरोबाच्या देवळात जमायचा मी निरोप दिला: भावकीच्या जुन्या गोष्टींचं बोलणं आहे, सगळ्या पुरुषांनी यावं, पोरं घेऊन यावं. बाराला माणसं जमली. गुंडाने फौजी पद्धतीने पोरांना रांगेत बसवलं. मानसिंग खांबाला टेकून बसला आणि मला म्हणाला, "मास्तर, हे भाषान तर न्हाई न्हवं? कागदावर सई हाय तुमची."

"भाषण नाही. भावकीतली गोष्ट."

"बगा हां. ऐकू आलं तर मला लिवावं लागंल."

मी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काही सिद्ध करायचं नव्हतं. फक्त थांबवायचं होतं. सुरुवातीला आजोबांनी विहीर कशी खणली ते सांगितलं. वीस मिनिटं गेली. मग विहिरीतल्या कासवाचं. तात्याबा म्हणाला, कासव नव्हतं ते, तो दगड होता. त्यावर वाद झाला, आणखी पंधरा मिनिटं मिळाली. देवाचे आभार मानले.

एकच्या सुमाराला दादा उठला. "आप्पा, पावण्यांची तयारी हाय. मी जातो."

त्याला थांबवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तोंडात आलं ते बोललो. म्हणालो, "दादा, येरळा नदीला पाणी होतं तेव्हा तू मला खांद्यावर घेऊन कुंडलच्या शाळेत नेत होतास, ते यांतल्या कुणाला ठाऊक नाही. सांगू का?"

तो उभाच राहिला.

मी सांगत गेलो. वडील वारले तेव्हा दादा पंधराचा होता आणि त्याची शाळा केव्हाच सुटली होती. चौथीपर्यंत शिकला, गणितात पहिला होता. गुरुजी घरी आले होते, म्हणाले पोरगं हुशार आहे, शाळा सोडवू नका. कुणी ऐकलं नाही, औताला माणूस हवा होता. पुढे मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तोच हटून बसला, हा शिकंल. नदीला कमरेइतकं पाणी असताना मी त्याच्या खांद्यावर, पाटी माझ्या डोक्यावर. शाळेच्या दारात मला उतरवून तो खिडकीबाहेर थोडा वेळ उभा राहायचा. मला वाटायचं, मी रडतो का ते बघायला. गुरुजी फळ्यावर गणित घालायचे आणि मला बाहेरून कुजबुज ऐकू यायची. तो उत्तर सांगत असायचा. मला नव्हे, स्वतःलाच.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही बोलता बोलताच आठवलं. मी फक्त वेळ काढत होतो.

दादा खाली बसला होता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. पुढे मी काय बोललो ते नीट आठवत नाही. दोन वाजून गेले. पोरं पेंगली. मानसिंगही. आवाज बसत चालला.

अडीचला देवळाच्या पायरीशी आक्का आली. तोंडात मिश्री होती. बाजूला जाऊन थुंकली, पदराने ओठ पुसले.

"हंबीरा, पावण्यास्नी च्या पाज, फराळ घाल, मानानं लावून दे. सुपारी फोडायची न्हाई. पोरगी मिरजंला चालली."

मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. बरं झालं.

दादाने टोपीची घडी केली. "समद्या बायकांनी ठरवलं म्हन की."

"व्हय. एक्केचाळिसांनी. तुजी बायकू धरून."

"चंद्री बोलली?"

"लय बोलली. तुला वीस वर्सांत बोलली नसंल येवडी."

दादा उठला. मला वाटलं, आता भडकणार. तो पायरी उतरला, चप्पल शोधली. म्हणाला, "पावनं तरी कशाला आनायचं मंग, गावच्या येसंवरच गाठतो. गुंडा, सायकल काड." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आप्पा, दोन तास बोललास. मुद्दा काय हुता?"

"मुद्दा नव्हता दादा."

"तरीच बरं वाटलं."

रविवार, ९ नोव्हेंबर

पाहुणे रागावून गेले. दादा दोन दिवस कुणाशी नीट बोलत नव्हता. काल मात्र मिरजेच्या गाडीची वेळ विचारून गेला.

राहीने मिरजेचं पत्र मला दाखवलं. महिनाभर ते माझ्याच घरात, पिठाच्या डब्याखाली होतं. मनुबाईने ठेवलं होतं. तो डबा मी रोज ओलांडतो.

आत काय बोलणं झालं, ते मी मनुबाईला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "ते शेवटच्या पंगतीचं हाय." एवढंच सांगितलं की माझी नक्कल झाली, राहीने केली, हुबेहूब.

आणि आणखी एक गोष्ट सहज बोलून गेली. आमटी खाली बसते तेव्हा तळाचा दाट कट त्या आधीच काढून उतरंडीत ठेवतात, स्वतःसाठी. वीस वर्षे मी व्यासपीठावरून सांगतो आहे की बायकांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तीस वर्षे मी वरचं पाणी भुरकतो आहे. "पर येका सनाला," ती म्हणाली, "माणसं वाढली आनि चंद्रावैनी नुसत्या भातावर उटली. ते बी खरं हाय. तुमचं समदंच खोटं न्हाई."

हे ऐकून दोन दिवस घरात फिरतो आहे. माझा राग चुकीचा नव्हता, अजूनही नाही. रांधणारीने उपाशी राहावं हे मला मान्य नाही, आणि भांडी तिनेच का घासावी हेही मान्य नाही. पण मी त्यांना जागा देत होतो आणि त्यांची जागा काढून घेत होतो, ती दोन्ही कामं मी एकाच हाताने केली. यावर नीट विचार करायला अजून वेळ लागेल. तोवर जे कळलं आहे ते लिहून ठेवतो. पुढच्या भाऊबीजेची पाळी दादाची. परवाना मिळो न मिळो, त्याच्या सोप्यात उभा राहून मी एवढंच बोलणार, आणि एका दमात संपवणार.

भावकीतल्या बापयांनो, तुमच्या जेवणानंतर घरात एक पंगत बसते. ती तुम्ही कधी पाहिली नाही, आणि पाहायचीही नाही. तेव्हा पोट भरलं की आपापलं ताट उचलून मोरीत ठेवा, पोरांना कडेवर घ्या, म्हाताऱ्यांना हाताला धरा, घराबाहेर पडा आणि दार ओढून घ्या. भैरोबाच्या देवळात बसा. आतून कुणी हाक मारेपर्यंत परत येऊ नका.